चैत्रापर्यंत टिकणारा बर्फ

हिमालयातल्या बर्फाचा हिशेब आपण चुकीच्या महिन्यात मांडतो. डिसेंबर-जानेवारीत गुलमर्ग किंवा शिमला पांढरे झाले की बातम्या येतात, छायाचित्रे फिरतात, हॉटेलांची आरक्षणे वाढतात. फेब्रुवारी सरला की बर्फ बातम्यांतून नाहीसा होतो. डोंगरातला शेतकरी, कळप घेऊन निघालेला मेंढपाळ, धरणावरचा अभियंता आणि खडकाच्या फटीत राहणारा चिमुकला पिका यांचा खरा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतो. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत डोंगरावर बर्फ किती उरला आहे, त्यात पाणी किती आहे आणि तो कधी वितळणार आहे?

पश्चिम हिमालय डोळ्यांसमोर ठेवून या प्रश्नाचा हा आढावा घेतला आहे. हिमालयातली दीर्घकाळची निरीक्षणे काही बाबतींत तोकडी आहेत. तिथे अमेरिका आणि फिनलंडमधल्या अभ्यासांची मदत घेतली आहे. साऱ्या माहितीतून पुढे येणारी गोष्ट एकच आहे. बर्फाचे मोल त्याच्या वेळेत आहे. हिवाळ्यात आलेले पाणी तो जिवांना गरज पडेपर्यंत धरून ठेवतो. ती वेळ चुकली, तर एकूण बर्फ तेवढाच पडूनही पाणी, शेती आणि प्राणी या तिघांचेही गणित विस्कटते.

बर्फ येतो कुठून, टिकतो कसा

पश्चिम हिमालयातला हिवाळी बर्फ मोसमी पावसातून येत नाही. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघून इराण-अफगाणिस्तानावरून पूर्वेकडे सरकणारे पश्चिमी झंझावात तो आणतात. डिसेंबर ते मार्च-एप्रिल या काळात असे झंझावात एकामागून एक येतात आणि काश्मीर, लडाख, हिमाचल व उत्तराखंडच्या उंच भागांत हिमवृष्टी होते. हेच झंझावात कधी दक्षिणेकडच्या दमट वाऱ्यांशी गाठ पडून मध्य भारतात गारा पाडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्याला झोडपणाऱ्या गारपिटीमागे हीच सांगड होती.

काश्मीरच्या लोकांनी हिवाळ्याचे तीन भाग पाडले आहेत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस चिल्लई कलान, पुढचे वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. चिल्लई कलानमध्ये पडलेला बर्फ उन्हाळ्यापर्यंत नद्यांना पाणी देतो आणि उशिरा पडलेला लवकर वाहून जातो, हे तिथल्या वडीलधाऱ्यांचे जुने म्हणणे. विज्ञान त्याला दुजोराच देते. कडाक्याच्या थंडीत पडलेला बर्फ थरावर थर चढवत घट्ट होत जातो. नव्या, भुसभुशीत बर्फाच्या दहा सेंटिमीटर थरात जेमतेम एक सेंटिमीटर पाणी असते. वसंतापर्यंत दबून दाणेदार झालेल्या बर्फाच्या तेवढ्याच थरात तीन ते पाच सेंटिमीटर पाणी भरू शकते. म्हणून मार्चअखेरचा पातळ दिसणारा थर जानेवारीतल्या गुडघाभर बर्फापेक्षा अधिक पाणी बाळगून असू शकतो.

बर्फ टिकण्यामागे आणखी दोन कारणे आहेत. ताजा बर्फ अंगावर पडणाऱ्या उन्हातला ८० ते ९० टक्के भाग परत फेकतो. शिवाय शून्य अंशावरच्या बर्फाचे शून्य अंशावरचे पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापले असते. त्यामुळे वसंतातले ऊन कडक असूनही बर्फ एकदम जात नाही. दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि हिमरेषा दर आठवड्याला थोडी वर सरकते. या मंद गतीवरच डोंगरातले जीवन रचले गेले आहे.

पेरणीच्या तोंडावरचे पाणी

वसंतातल्या बर्फाची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती लडाखमध्ये. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. शेती सगळी वरून येणाऱ्या वितळपाण्यावर. सातूची पेरणी एप्रिल-मेमध्ये करावी लागते, कारण पीक उभे राहण्याचा हंगाम आखूड असतो. पण पाच हजार मीटरच्या वरच्या हिमनद्या भरघोस पाणी देऊ लागतात त्या जून-जुलैत. मधल्या काळात शेताला पहिले पाणी मिळते ते खालच्या उतारांवर उरलेल्या हंगामी बर्फाचे. तो बर्फ आधीच संपला असेल, तर पुढे हिमनदीतून कितीही पाणी आले तरी पेरणीची वेळ निघून गेलेली असते.

या तुटीच्या काळासाठी लडाखच्या गावांनी स्वतःची व्यवस्था उभी केली. प्रत्येक गावात पाण्याची पाळी ठरवणारा एक छुरपोन असतो. कोणाच्या शेतात किती वेळ पाणी सोडायचे, पाट कधी वळवायचा, हे तो पाहतो आणि त्याचा शब्द गाव मानते. रात्रीचे पाणी झिंग नावाच्या छोट्या तळ्यांत साठवतात आणि सकाळी शेतांना देतात. या साऱ्या शिस्तीचा पाया एकच: वसंतात झऱ्याला पाणी येईल.

तो पाया ढासळला की काय होते हे झांस्कर खोऱ्यातल्या कुमिक गावाने दाखवले. या गावाचा ओढा मोठ्या हिमनदीवर नव्हे, तर वरच्या हंगामी बर्फावर पोसलेला होता. बर्फ कमी होत गेला, लवकर संपू लागला आणि ओढा शेतीला पुरेनासा झाला. शेवटी गावाने आपले घर-शेत सोडून खाली नदीच्या बाजूला नवी वस्ती वसवायचा निर्णय घेतला. कुमिक हे झांस्करमधल्या जुन्या गावांपैकी एक मानले जाते. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेले गाव पूर किंवा भूकंपाने उठले नाही, ओढ्याचे वेळापत्रक बदलल्यामुळे उठले.

याच अडचणीवर चेवांग नॉर्फेल या लडाखी स्थापत्य अभियंत्याने उपाय शोधला. हिवाळ्यात वाया जाणारे ओढ्याचे पाणी सावलीच्या उतारावर वळवायचे, दगडी बांधांमागे संथ करायचे आणि थरांनी गोठू द्यायचे. हे साठे गावाच्या जवळ, म्हणजे खऱ्या हिमनद्यांपेक्षा बरेच खाली असल्यामुळे एप्रिल-मेमध्येच वितळू लागतात. १९८० च्या दशकापासून त्यांनी अशा कृत्रिम हिमनद्या अनेक गावांत उभारल्या आणि २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुढे लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांनी नळातून उंच उडवलेले पाणी शंकूच्या आकारात गोठवणारे हिमस्तूप तयार केले. उभ्या शंकूवर ऊन कमी पडते, म्हणून तो कमी उंचीवरही वसंतापर्यंत तग धरतो.

या दोन्ही प्रयत्नांबद्दल आदर बाळगूनच त्यांची मर्यादा सांगायला हवी. कृत्रिम हिमनदी पाणी निर्माण करत नाही, ती त्याची वेळ बदलते. हिवाळ्यात ओढा वाहता असेल तरच तिला काही साठवता येते, आणि वरच्या गावाने वळवलेले पाणी खालच्या गावाचेही असते. डोंगरभर पसरलेल्या नैसर्गिक बर्फाची जागा काही स्तूप घेऊ शकत नाहीत.

धरणे, कालवे आणि झरे

डोंगराखाली उतरले की हाच हिशेब मोठ्या आकड्यांत दिसतो. सतलजला भाक्रा धरणापाशी मिळणाऱ्या वार्षिक पाण्यातला सुमारे साठ टक्के वाटा बर्फ आणि हिमनद्यांचा असल्याचे अभ्यास सांगतात. अखनूरजवळच्या चिनाबमध्ये तो सुमारे निम्मा आहे. सतलज आणि बियास यांचे पाणी हरिकेच्या बंधाऱ्यावरून इंदिरा गांधी कालव्यातून थेट थरच्या वाळवंटात जाते. मोसमी पाऊस उत्तर-पश्चिम भारतात पोहोचायला जूनअखेर उजाडते. त्याआधी पंजाब, हरियाणा, राजस्थानातली कापसाची लागवड, भाताची रोपे आणि शहरांची तहान भागते ती मुख्यतः या वितळपाण्यावर.

या काळात नदीची जबाबदारी बर्फाकडे असते आणि पावसाळ्यात ती पावसाकडे जाते. बर्फ महिनाभर आधी वितळला, तर मार्च-एप्रिलमध्ये पाणी जास्त आणि मे-जूनमध्ये कमी अशी स्थिती येते. धरणात जागा असेल तर आधी आलेले पाणी अडवता येते. डोंगरातल्या बहुतेक जलविद्युत प्रकल्पांकडे मात्र मोठा साठा नसतो. नदीत जसे पाणी येईल तशी वीज, अशी त्यांची रचना असते. ऐन उन्हाळ्यात विजेची मागणी चढलेली असताना त्यांची नदी रोडावते.

बर्फ जमिनीत मुरतो हा भाग तर आपल्या चर्चेत फारसा येतच नाही. जोराचा पाऊस उतारावरून धावत जातो. बर्फ थेंबाथेंबाने वितळतो आणि मातीला पाणी पिण्यासाठी आठवडे देतो. उत्तराखंडचे नौले आणि धारे, काश्मीरचे नाग, हिमाचलच्या बावड्या यांना हे मुरलेले पाणी आधार देते. हिमालयातले बारमाही झरे जवळजवळ निम्म्या प्रमाणात आटले किंवा हंगामी झाले आहेत, असे नीती आयोगाच्या २०१८ च्या अहवालात नोंदवले आहे. त्यामागे रस्ते, जंगलतोड, बांधकाम अशी अनेक कारणे आहेत. हिवाळी बर्फ घटणे हे त्यांतले एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये, कोरड्या हिवाळ्यानंतर, अनंतनाग जिल्ह्यातल्या अचबलच्या मुघल बागेतला प्रसिद्ध झरा आटला. त्या झऱ्यावर बागेबरोबर आसपासच्या गावांचे पिण्याचे पाणीही अवलंबून आहे.

बर्फाखालचे आणि बर्फामागून चालणारे

आपल्याला बर्फ म्हणजे थंडी वाटते. डोंगरातल्या अनेक प्राण्यांसाठी तो पांघरूण आहे. फूट-दीड फूट जाडीच्या बर्फात हवा अडकून राहते आणि वर उणे वीस अंश असले तरी जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास राहते. जमीन आणि बर्फ यांच्यामधल्या या पोकळीत उंदीरवर्गीय प्राणी, चिचुंद्री आणि कीटक हिवाळा काढतात. सशाच्या कुळातला, मुठीएवढा पिका हिवाळ्यात झोपी जात नाही. खडकांच्या फटींत, बर्फाच्या आवरणाआड तो जागाच असतो. आवरण पातळ झाले किंवा मार्चमध्येच निघून गेले आणि नंतर थंडीची लाट आली, तर हा जीव थेट गारठ्यात सापडतो.

हिमालयातले मार्मोट हे खारीच्या कुळातले प्राणी सुमारे सहा महिने बिळांत निद्रिस्त असतात आणि एप्रिलच्या सुमारास बाहेर येतात. द्रास, झांस्कर, लाहौल या भागांतले तपकिरी अस्वलही वसंतात गुहेतून निघते तेव्हा अंगावरची चरबी संपलेली असते. बाहेर पडण्याची वेळ आणि अन्न मिळण्याची वेळ जुळावी लागते. ती जुळली नाही तर काय होते, याचे सर्वांत चांगले पुरावे कोलोरॅडोतल्या गॉथिक नावाच्या जुन्या खाणगावातून मिळाले. तिथल्या रॉकी माउंटन जैविक प्रयोगशाळेच्या परिसरात मार्मोटांचा अभ्यास १९६२ पासून चालू आहे. बिली बार हे गृहस्थ १९७० च्या दशकापासून तिथे एका लाकडी घरात राहून रोज बर्फाची जाडी, तो नाहीसा होण्याचा दिवस आणि प्राण्यांचे पहिले दर्शन वहीत टिपत आले. कोणत्याही संस्थेने सांगितले नसताना ठेवलेल्या या नोंदी पुढे शास्त्रज्ञांना अनमोल ठरल्या. १९७६ ते १९९९ या काळात तिथले मार्मोट ३८ दिवस अगोदर बाहेर येऊ लागल्याचे त्यांतून दिसले. हवा तापल्यामुळे ते लवकर जागे होत होते, पण बर्फ वितळण्याची तारीख त्या काळात अलीकडे सरकली नव्हती. जाग आली तेव्हा अन्न अजून बर्फाखालीच होते.

आयबेक्स आणि भरल हे हिमबिबट्याचे मुख्य भक्ष्य. हिवाळ्यात ते खालच्या, वाऱ्याने उघड्या पडलेल्या उतारांवर येतात. वसंतात हिमरेषा जशी वर सरकते तसे तिच्या मागोमाग चढत जातात, कारण बर्फ नुकताच हटलेल्या जागी उगवणारे कोवळे गवत सर्वांत पौष्टिक असते. बर्फ टप्प्याटप्प्याने वितळला, तर कोवळ्या चाऱ्याचा हा पट्टा दोन-अडीच महिने डोंगर चढत राहतो, आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जन्मणाऱ्या पिल्लांना आयांचे भरपूर दूध मिळते. सगळा उतार एकदम उघडा पडला, तर गवतही एकदम उगवते, एकदम जून होते आणि हा काळ आखडतो. भारतातल्या पहिल्या देशव्यापी गणनेनुसार आपल्याकडे ७१८ हिमबिबटे आहेत. त्यांतले ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. त्यांच्या संरक्षणाची चर्चा शिकारी आणि पाळीव जनावरांवरच्या हल्ल्यांपाशी थांबते. त्यांच्या भक्ष्याचा चारा ज्या बर्फावर ठरतो, त्याचाही विचार तिच्यात यायला हवा.

जास्त बर्फ म्हणजे नेहमी चांगलेच, असे मात्र नाही. २०१८-१९ च्या हिवाळ्यात उत्तर सिक्कीमच्या मुकुथांग खोऱ्यात बर्फ इतका पडला आणि इतका टिकला की तीनशेहून अधिक याक चाऱ्याविना मेले. प्रशासनाचे पथक तिथे पोहोचले तेव्हा मे उजाडला होता. मंगोलियात अशा आपत्तीला झुद म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये तिथली ऐंशी लाखांहून अधिक जनावरे दगावली. सर्वांत घातक असतो तो वितळून पुन्हा गोठलेला कडक पापुद्रा. जनावराचे खूर तो फोडू शकत नाहीत आणि खालचे गवत दिसूनही तोंडाशी येत नाही. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर-खाली होत राहिले की असे पापुद्रे वाढतात.

बर्फ हेच घर असलेले प्राणीही आहेत. अमेरिकेतला वुल्व्हरीन वसंताच्या उत्तरार्धापर्यंत टिकणाऱ्या खोल बर्फात पिल्ले वाढवतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घेतले, आणि त्यामागच्या कारणांत आटत जाणारा वसंती बर्फ प्रमुख होता. फिनलंडच्या सायमा सरोवरात जगात इतरत्र कुठेही नसलेली सील आहे. तिची संख्या काही शेकड्यांत मोजण्याइतकी. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये काठावरच्या बर्फाच्या ढिगात पोकळी करून पिल्लाला जन्म देते. बर्फ कमी पडलेल्या वर्षी स्वयंसेवक फावड्यांनी बर्फ ओढून तिच्यासाठी ढीग रचतात, आणि सील त्यांत खरोखर येऊन राहते. माणसाने मनावर घेतले तर काय करता येते याचे हे हृद्य उदाहरण आहे. कुदळ-फावड्याने वाचवता येतील इतके थोडे प्राणी उरेपर्यंत थांबू नये, हाही त्यातला धडा.

गवत, फुले आणि वणवे

झाडेही बर्फाच्या तारखा पाळतात. सफरचंदाला फुलण्यासाठी हिवाळ्यात जातीनुसार आठशे ते बाराशे तास सात अंशांखालची थंडी लागते. बर्फ ती थंडी टिकवतो आणि मुळांना ओलही देतो. कुल्लू खोऱ्याच्या खालच्या भागातल्या बागायतदारांनी सफरचंद सोडून डाळिंब, भाजीपाला यांकडे वळायला सुरुवात केली त्याला बरीच वर्षे झाली. सफरचंदाचा पट्टा किन्नौर, लाहौल-स्पीतीकडे वर सरकला आहे. आणि एप्रिलमध्ये, फुलोरा उमललेला असताना, अवेळी बर्फ पडला तर तोच बर्फ वर्षाचे पीक घेऊन जातो.

रानफुलांचेही तसेच आहे. लवकर वितळलेल्या बर्फामुळे कळ्या लवकर येतात आणि मग जूनच्या हिमदंशात जळतात. गॉथिकमध्ये रानटी सूर्यफुलाच्या अशा जळालेल्या कळ्यांचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या तुलनेत पुढच्या काळात जवळपास दुप्पट झाल्याचे दिसले. वसंत उबदार झाला म्हणून फुले वाढली, असे घडले नाही. पांघरूण काढून घेतल्यामुळे ती उघडी पडली.

उत्तराखंड आणि नेपाळच्या उंच कुरणांत मे-जूनमध्ये बर्फ हटला की हजारो कुटुंबे किडाजडी शोधायला चढतात. अळीवर वाढणारी ही बुरशी अनेक गावांचे वर्षाचे रोख उत्पन्न आहे. उबदार हिवाळे आणि घटता बर्फ यांचा तिच्या उत्पन्नाशी संबंध असल्याचे संशोधकांनी दाखवले आहे.

वणव्यांशीही बर्फाचे नाते आहे. पश्चिम अमेरिकेत बर्फ लवकर वितळलेल्या वर्षी मोठ्या वणव्यांची संख्या वाढते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासाने सिद्ध केले. उत्तराखंडात वणव्यांचा अधिकृत हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. हिवाळा कोरडा गेला, वसंतात जमीन ओली राहिली नाही, तर चीडच्या झाडांच्या सुयांचा वाळलेला थर ठिणगीचीच वाट पाहतो. त्या वणव्यांची काजळी वर जाऊन उरलेल्या बर्फावर बसते आणि तो आणखी वेगाने वितळतो.

दख्खनच्या दुष्काळापासून निघालेला धागा

महाराष्ट्राच्या नद्यांत हिमालयाचे पाणी येत नाही. गोदावरी, कृष्णा, तापी या पावसावर जगणाऱ्या नद्या. तरीही हिमालयाच्या बर्फाचा वैज्ञानिक अभ्यास सुरू होण्यामागे दख्खनचे दुःख आहे. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात मुंबई इलाख्यातले सोलापूर, विजापूर, पुणे, नगर हे जिल्हे होरपळले. पाऊस केव्हा दगा देणार हे आधी कळले पाहिजे, ही निकड सरकारला त्यानंतर जाणवली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी १८८४ मध्ये एक सिद्धान्त मांडला: हिमालयावर वसंतापर्यंत बर्फ जास्त असेल तर त्या वर्षी भारतात कोरडे वारे आणि कमी पाऊस. कारण सरळ होते. बर्फ ऊन परत फेकतो, उरलेली उष्णता वितळण्यात खर्च होते, जमीन उशिरा तापते आणि मोसमी वाऱ्यांना ओढणारा दाबाचा फरक कमजोर राहतो. याच आधारावर प्रायोगिक अंदाज सुरू झाले आणि १८८६ मध्ये पहिला अधिकृत दीर्घकालीन अंदाज निघाला.

पुढे याच खात्याचे प्रमुख झालेले गिल्बर्ट वॉकर यांनी प्रशांत महासागरासह जगभरच्या घटकांकडे लक्ष वळवले. १९७६ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून युरेशियातला हिवाळी बर्फ आणि भारतातला पाऊस यांच्यातले हे उलटे नाते पुन्हा दिसून आले. आजही हवामान खाते एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा अंदाज देताना उत्तर गोलार्धातल्या आणि युरेशियातल्या बर्फाच्या विस्ताराचा उल्लेख करते. अलीकडच्या दशकांत हे नाते पूर्वीइतके पक्के राहिलेले नाही आणि एल निनोचा जोर त्याच्यावर मात करू शकतो. म्हणून हिमालयात बर्फ कमी पडला, आता विदर्भात पाऊस छान, असा सोपा निष्कर्ष कोणी काढू नये. आपल्या शिवारातल्या पावसामागे दूरच्या डोंगरावरचा बर्फही एक घटक आहे, एवढे मात्र निश्चित.

काय बदलते आहे

काठमांडूतील एकात्मिक पर्वतीय विकासाचे आंतरराष्ट्रीय केंद्र दरवर्षी हिंदुकुश-हिमालयातला बर्फ किती काळ टिकला हे उपग्रहांवरून मोजते. २०२४ मध्ये हा टिकाव सरासरीपेक्षा १८.५ टक्के कमी होता. २०२५ मध्ये तो २३.६ टक्के कमी भरला, म्हणजे २३ वर्षांतला नीचांक, आणि तेही सलग तिसऱ्या तुटीच्या वर्षी. याच केंद्राच्या मते या पर्वतरांगेतून निघणाऱ्या बारा मोठ्या नद्यांच्या वार्षिक प्रवाहात बर्फाच्या पाण्याचा वाटा सरासरी २३ टक्के आहे. पश्चिमेकडे, सिंधूच्या बाजूला, तो याहून पुष्कळ जास्त.

बदल केवळ प्रमाणाचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी दिसत होते, बर्फ नंतर आला. २०२५ मध्ये गुलमर्गच्या हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणजे बर्फ पडतोही, पण उशिरा आणि उबदार जमिनीवर. मग लगेच उष्णता येते. भारतातला मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता आणि फेब्रुवारी २०२५ हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. उशिरा आलेल्या बर्फाला दबून घट्ट व्हायला वेळच मिळत नाही. भर वसंतातल्या ओल्या, जड बर्फाने हिमस्खलनाचा धोकाही वाढतो.

हिमनद्यांवरही याचा परिणाम होतो. वसंतातला पांढरा थर हिमनदीला उन्हापासून वाचवतो. तो लवकर गेला की खालचा जुना, काळसर बर्फ उघडा पडतो, जास्त ऊन शोषतो आणि हिमनदीची मूळ ठेव खर्च होऊ लागते. काही वर्षे नदीला पाणी उलट जास्त दिसते, आणि त्या भरल्या प्रवाहाने आपण निर्धास्त होतो.

काय करता येईल

पहिली गरज मोजणीची. कॅलिफोर्नियात दरवर्षी १ एप्रिलच्या सुमारास सिएरा नेवाडातल्या बर्फात किती पाणी आहे हे मोजतात, कारण राज्याच्या पाण्याचा सुमारे तीस टक्के भाग तिथून येतो. १ एप्रिल २०१५ रोजी हे पाणी सरासरीच्या केवळ पाच टक्के भरले. मोजणीच्या जागी पायाखाली सुके गवत होते. तिथूनच गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी राज्यात प्रथमच सक्तीची पाणीकपात जाहीर केली. आकडा वेळेवर हाती होता म्हणून निर्णय उन्हाळ्याआधी झाला. आपल्याकडे संरक्षण संशोधनातली संस्था हिमस्खलनासाठी बर्फ मोजते, उपग्रह त्याचा विस्तार टिपतात. पण कोणत्या खोऱ्यात बर्फाच्या रूपात किती पाणी शिल्लक आहे, हे दर एप्रिलला शेतकऱ्याला, धरणाच्या व्यवस्थापकाला आणि पशुपालकाला सोप्या भाषेत कळले पाहिजे. धरणांतल्या साठ्याचे आकडे आपण दर आठवड्याला वाचतो. बर्फातल्या साठ्याचेही तसेच वाचायला मिळायला हवेत.

दुसरी गरज काजळी आणि धूळ रोखण्याची. तापमानवाढ एकट्या देशाला थांबवता येणार नाही, पण बर्फावर बसणारी काजळी बऱ्याच अंशी आपलीच असते: डिझेलची वाहने, वीटभट्ट्या, शेतातले पेटवलेले पाचट, चुलींचा धूर. काजळी हवेत फार दिवस टिकत नाही, म्हणून ती कमी केल्याचा फायदा लवकर दिसतो. राष्ट्रीय हरित लवादाने रोहतांग खिंडीवर दिवसाला १,२०० वाहनांची मर्यादा घातली ती याच चिंतेतून. एप्रिल-मेच्या सुट्टीत महाराष्ट्रातून हजारो कुटुंबे बर्फ पाहायला मनालीला जातात. ती मर्यादा आपल्या सहलीच्या आड येते असे न मानता तिचा मान राखणे, हा त्या डोंगरासाठी आपण करू शकतो असा अगदी जवळचा उपाय आहे.

तिसरी गरज स्थानिक व्यवस्थांना बळ देण्याची. झऱ्यांची पाणलोट क्षेत्रे राखणे, छुरपोनसारख्या गावपद्धतींना सरकारी योजनांत स्थान देणे, लडाखमधले चांगथांग आणि उत्तर सिक्कीम यांसारख्या भागांत बर्फ पडण्याआधी चाऱ्याचे साठे करणे, गद्दी आणि बकरवाल मेंढपाळांना खिंडी कधी मोकळ्या होतील याचा भरवशाचा अंदाज देणे. या लोकांच्या पिढ्या बर्फ वाचत आल्या आहेत. त्यांच्या नोंदी आणि उपग्रहाच्या नोंदी एकत्र आल्या, तर दोन्ही अधिक खऱ्या होतील.

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे हिमनद्यांच्या जतनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले आणि २१ मार्च हा जागतिक हिमनदी दिन ठरवला. तारीख अगदी योग्य निवडली आहे. वसंत सुरू होतो तेव्हाच डोंगरावरच्या बर्फाकडे लक्ष द्यायचे असते, आणि त्यात दरवर्षी येऊन दरवर्षी जाणारा हंगामी बर्फही धरायला हवा. हिमनदी ही शतकांची ठेव असेल, पण पेरणी, पिल्ले, झरे आणि कालवे चालतात ते या वर्षीच्या बर्फावर. तो किती आहे हे एप्रिलमध्ये माहीत असणे आणि त्याप्रमाणे मे-जूनचे निर्णय घेणे आपल्या हातात आहे. येत्या वसंतापासून ही मोजणी खोऱ्याखोऱ्यांत सुरू झाली, तर पुढचे कुमिक रिकामे होण्याआधी आपल्याला कळेल आणि काही करायला वेळही मिळेल.